नाश्त्यानंतरचा धवला

कोन गावापासून शेलार गावापर्यंत एकाही नवरदेवाची अशी छाती नव्हती की आत्याचा घसा साफ व्हायच्या आधी त्यानं पाटावर बसावं. बसलाच एखादा उतावळा, तर आत्या तोंड उघडत नसे. पानाला चुना लावत त्याच्याकडे नुसती बघत राही. सगळा मांडव त्याच्याकडे बघू लागे. तो मुकाट उठे. मग आत्या खाकरे, पदर खोचे, शेजारच्या गोमीबायला कोपरानं ढोसे आणि म्हणे, "बस रे बाला, आता बस."

आमच्याकडच्या आगरी लग्नात धवलारीण असते. धवलारीण म्हणजे लग्न गाऊन लावणारी बाई. आमची धवलारीण म्हणजे आत्या, साऱ्या पंचक्रोशीची आत्या. देवांना आवतण तिनं द्यायचं, हळद तिनं चढवायची, पहाटेचा धवला, म्हणजे लग्नगीत, गाऊन नवरीच्या अंगाला पहिलं पाणी तिनं लावायचं. भटजी नंतर येतात आणि आत्याकडे बघून विचारतात, "चालू करू का?" मी अशा लग्नांत माइकवर निवेदन करतो. दिवसा पतपेढीत कारकून. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनीच, हा आवाज कुठून आला ते आईलाही सांगता आलं नाही. आत्यानं मला नावानं कधी हाक मारली नाही. "माइकवाल्या, त्या तुज्या भोंग्याचा कान पिल, माजी गोमी आयकू येत नाय."

गोमीबाय तिची बहीण नव्हे, जाऊ नव्हे. जोडीदारीण. आत्या ओळ टाकायची आणि गोमीबाय त्या ओळीचा शेवटचा शब्द अलगद उचलून परत आणायची. आत्याचा आवाज फाटक्या ताशासारखा, गोमीबायचा ताकासारखा. "मी फेकतंय, ती झेलतंय," आत्या सांगायची. "झेलनारी नसली तं फेकनारी येरी दिसते." येरी म्हणजे वेडी.

मग जमिनींवर गोदामं आली, गोदामांचं भाडं आलं आणि लग्नं मांडवातून उठून हायवेवरच्या मोठ्या हॉटेलात गेली. गावोगावी शाखा असलेलं ते हॉटेल. आत जाताना पायपुसणं आपल्याच चपलेची लाज काढतं, असं. आत्या पहिल्यांदा तिथं गेली तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं तिचा मोबाइल नंबर मागितला आणि गोड आवाजात समजावलं की मावशी, तुम्ही आमच्याकडे राहिलात की पॉइंट जमा होतात, आणि पुरेसे साठले की एक रात्र तुम्हाला आमच्याकडून.

"झोपलंय तं पॉइंट?" आत्यानं विचारलं.

"हो मावशी."

"आनि खोली घेतली, पन झोपाला भेटलाच नाय तं?"

मुलगी जरा गोंधळली. "तरी मिळतात."

"मंग लिव माजा नाव."

कारण झोपायला मिळायचंच नाही. हळद उशिरापर्यंत चाले आणि उजाडायच्या आत पहाटेचा धवला. खोलीतल्या पांढऱ्याशुभ्र पलंगावर त्या दोघी फक्त आपल्या पिशव्या ठेवत. नाश्त्याच्या वेळी त्या मांडवात, मांडवातून सुटेपर्यंत नाश्ता उचललेला. तेव्हापासून आत्याच्या बिदागीत एक कलम वाढलं. नारळ, साडी आणि, तिच्याच शब्दांत, "खोली माज्या नावानी, माज्या मोबाइलवर." गोदामवाले शेठ हसत हसत कबूल व्हायचे. नवरीच्या मामाची खोली विसरली गेल्याचं मी बघितलंय, आत्याची कधी नाही.

पॉइंट कशासाठी, हे मला ठाऊक होतं. एकदा हॉटेलातल्या भरल्या मांडवातून गोमीबायनं काचेपलीकडे बघितलं होतं. पलीकडे पोहायचा तलाव आणि तलावाकाठी बसून चहा पिणारी माणसं. "ती मान्सा निल्या पान्याकर बघत चा पितात," ती म्हणाली. "आपुन पन पिवया का एकदा?"

"पिवया," आत्या म्हणाली. "पन गानारी म्हनून नाय. पावनी म्हनून. सकाली उठवाला कोन येनार नाय, असा पिवया."

एका रात्रीपुरते पॉइंट साठले, तेव्हा मीच मोबाइलवर बघून सांगितलं. आत्यानं तो मोबाइल देवघरात नेऊन ठेवला आणि दोन फोन चुकले तरी तिथून हलवला नाही. दिवाळीनंतर जायचं ठरलं. आणि दिवाळीच्या तोंडावर गोमीबाय ओल्या ओट्यावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं.

पुढची सगळी लग्नसराई आत्या घरी बसली. बोलावणी आली, शेठ लोक गाड्या घेऊन आले. कुणी म्हणालं, "आत्या, दुसरी जोडीदारीन घे ना. पोरी हायत गावात." आत्यानं त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि विचारलं, "नवरी आजारी परली तं पोराना दुसरी बघशील काय रे?" तो उठून गेला. सालभर ती गोमीबायच्या खाटेजवळ बसून तिला धवले म्हणायला लावायची. पायाचं हाड बसेल तेव्हा बसेल, गळ्याला गंज चढता कामा नये.

वर्षानंतर गोमीबाय काठी टेकत चालू लागली, तशी आत्या पतपेढीत माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. "माइकवाल्या, खोली लाव. दोघी जनी. खिरकी पान्याकरची."

मी मोबाइल उघडला. शून्य. पुन्हा उघडला. शून्य म्हणजे अगदी गोलगरगरीत, नव्या पुरीसारखं फुगलेलं शून्य. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की पॉइंट टिकण्याच्या मुदतीचं धोरण बदललं आहे. पूर्वी ते काही वर्षं टिकत. आता वर्षभर मुक्काम केला नाही तर सगळे बाद.

आत्यानं तिथल्या तिथे हॉटेलला फोन लावायला लावला. पतपेढीतली रांग कान देऊन उभी राहिली. पलीकडून एक पोरगा लोण्यासारख्या हिंदीत बोलू लागला. "मैडम, पॉलिसी चेंज हो गई है. आपको मेल भेजा था."

ते मेलखातं काउंटरवरच्या मुलीनं उघडून दिलेलं. त्यात आत्या आजवर कधी डोकावली नव्हती.

"बेटा, मेरे से पूछा था क्या?"

"मैडम, सबके लिए सेम है."

"मैं सौ लोगों की शादी लगाती. कल मैं बोली कि पॉलिसी बदल गई, साल भर बीवी को मायके से नहीं लाया तो शादी कैंसल, तो चलेगा क्या तेरे को?"

रांगेतलं एक जोडपं एकमेकांकडे बघायला लागलं. पोरगा म्हणाला, "मैडम, और कोई सहायता?" आत्यानं फोन माझ्या टेबलावर पालथा ठेवला.

"आमी खंडोबाना आवतन देताव," ती मला म्हणाली. "एकवीरा आयला देताव. एखाद्या घरात वीस वरसा लगीन नाय झाला, तरी देव येतो. आजवर कुठला देव बोललाय, तुमी सालभर बोलावला नाय, तुमचा खाता बंद?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी गोमीना सांगितलाय, पावनी म्हनून चा पिवया. ता मी खोटा परू देनार नाय."

तेवढ्यात लग्नाचा हंगाम सुरू झाला आणि शेलारच्या दामूशेठच्या मुलीचं लग्न ठरलं. हॉटेल तेच. आत्यानं होकार दिला आणि खोलीचं कलम आपणहून काढून टाकलं. "दामू, खोली तुज्या नावावर ऱ्हावं दे. मना पॉइंट नको." दामूशेठ खूश झाला. मी सावध झालो. तीस वर्षांत आत्यानं बिदागीतला नारळसुद्धा सोडल्याचं मला आठवत नव्हतं.

हळद दणक्यात झाली. बँजो वाजत होता, मटणाचा दुसरा रस्सा फिरत होता, वरमाई नाचून थकली होती. अशा गोंगाटात आत्या आणि गोमीबाय हळदीचा धवला गात होत्या. रोजचाच, पाठ असलेला. मी माइकजवळ उभा होतो म्हणून मला ऐकू आलं की मध्येच एक ओळ नवी आहे.

*उगवतीचा धवला उगवतीला सरला गो,*
*नाश्त्यामागून आमी त्यो धरला गो.*

गोमीबायनं "धरला गो" झेलून परत आणलं. चेहरा इतका निर्विकार की जणू ही ओळ तिच्या पणजीपासून चालत आलेली. तीनदा गायल्या. चारशे माणसांत कुणाची मान वळली नाही. मला ऐकू आलं, पण माझं काम निवेदनाचं. चालू गाण्यात बोलणं निवेदकाला शोभत नाही.

पहाट झाली. नवरी हळदीच्या पिवळ्या लुगड्यात बसलेली, घागरी भरलेल्या, करवल्या जांभया देतायत. धवलारणींचा पत्ता नाही. दामूशेठ धावत वर गेला. मागून मी. आमच्या मागून हॉटेलचा मॅनेजर, एवढ्या पहाटेही कोटाची बटणं लावलेला सभ्य तरुण. दारावर थापा पडल्या.

"कोन?" आतून आत्या.

"आत्या, धवला. पोर बसलंय खाली."

"धवला नाश्त्यामागून."

"आत्या, आजवर पहाटेला..."

"मुहूर्त दुपारचा हाय, तो माजा नाय, त्याना मी हात लावत नाय. पहाटेचा नियम माजा. तो बदलला."

दामूशेठनं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. मॅनेजर पुढे झाला. "मॅडम, संध्याकाळी हॉलमध्ये दुसरा कार्यक्रम आहे. असं ऐन वेळी कसं चालेल? आधी कळवायला हवं होतं."

"कलवला. काल हलदीत गायलंय, तीन वेला. तुमी आयकला नाय, त्याना मी काय करू? माइकवाल्याना इचार."

सगळे माझ्याकडे वळले. मी आवाजात जेवढं शुद्ध तूप ओतता येईल तेवढं ओतलं. "सूचना झाली होती," मी म्हणालो.

मॅनेजरला त्या बाद झालेल्या पॉइंटांची हकिकत दामूशेठनं तिथंच सांगितली. आमच्याकडे गुपित पतपेढीच्या रांगेपुढे टिकत नाही. मॅनेजर वाईट नव्हता. दाराजवळ तोंड नेऊन म्हणाला, "मॅडम, नियम वरच्या ऑफिसचा आहे. माझ्या अधिकारात मी तुम्हाला एक रात्र भेट देतो. पुढच्या महिन्यात या."

आतून गोमीबायचा ताकासारखा आवाज, "आत्या, जावया ना. पोर वाट बघतंय."

"झोप गो." मग दाराकडे, "बाला, तुजी रात तुना ऱ्हावं दे. मना माजी पायजे. ती मी घेतलंय."

एवढ्यात मागून पैंजण वाजले. हळदीनं माखलेली नवरी दोन्ही हातांनी लुगडं सावरत जिना चढून आली होती. बापाला बाजूला सारून दाराशी गेली. "आत्या, तुमी नाश्ता करूनच या. आईचा लगीन तुमीच लावलात, माजा पन तुमीच लावाचा. मी बसतंय खाली."

आतून घोरणं ऐकू आलं. खरं की नाटकी, ते आत्याच जाणे.

खाली जाऊन मी माइक घेतला आणि वऱ्हाडाला सांगितलं की पहाटेच्या धवल्याच्या वेळेत बदल झालेला असून सर्व संबंधितांनी त्याची नोंद घ्यावी. एक म्हातारा उठून म्हणाला, "बरा झाला. आमाना पन चा पिवाला भेटल."

ऊन चांगलं वर आल्यावर दोघी उतरल्या. न्हालेल्या, नव्या लुगड्यांत, गोमीबायच्या अंबाड्यात मोगऱ्याचा गजरा. काचेजवळचं टेबल मॅनेजरनं स्वतः पुसून ठेवलं होतं. बोलला काही नाही, खुर्ची ओढून दिली. सारं वऱ्हाड लांबून बघत होतं. गोमीबायनं चहा बशीत ओतला, फुंकर घातली, पाण्याकडे बघत एक घोट घेतला आणि बराच वेळ बघतच राहिली.

"आत्या," ती म्हणाली, "पानी निला नाय. लाद्या निल्या हायत."

"गप. निला हाय," आत्या म्हणाली आणि तिच्या बशीत आणखी चहा ओतला.

त्या दिवशीचा धवला मी विसरणार नाही. झोप पुरी झालेल्या, पोटभर नाश्ता केलेल्या दोन बायका गात होत्या. आत्याची ओळ हॉलच्या छताला जाऊन थडकायची आणि गोमीबाय तिला हलकेच उतरवून नवरीच्या ओंजळीत ठेवायची. नवरी रडली, दामूशेठ रडला. मॅनेजर खांबामागे उभा होता, त्याचं मला दिसलं नाही. संध्याकाळच्या कार्यक्रमाची माणसं आली तेव्हा हॉल वेळेवर रिकामा होता.

पुढं हॉटेलकडून आत्याच्या मोबाइलवर निरोप येत राहिले. आम्हाला तुमची आठवण येते. "सांग त्याना," आत्या म्हणायची, "आमाना नाय येत."

गोमीबाय त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेली. आता आत्या दुसरी घेईल असं सगळ्यांना वाटलं. तिनं घेतली नाही. एकटी उभी राहिली. ओळ टाकायची आणि थांबायची. गोमीबायला झेलून परत आणायला जेवढा वेळ लागे, तेवढी थांबायची. मग पुढची ओळ. पहिल्या लग्नात मला वाटलं माइक गेला. मी बटणाकडे हात नेला, तशी तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी हात मागे बांधून उभा राहिलो. "तिची जागा हाय," नंतर एवढंच म्हणाली.

शेवटच्या दिवसांत तिनं गावातल्या एका मुलीला धवले शिकवले. ती मुलगी लॉजिस्टिकच्या कंपनीत शिफ्ट करते, स्कूटरवरून लग्नाला येते. आत्याला जाऊन आता दोन पावसाळे झाले.

परवा त्याच हॉटेलात लग्न होतं. कार्यक्रमाचं नियोजन करणारा एक नवा माणूस, कानात यंत्र, हातात वेळापत्रक. त्यानं सराव ऐकला आणि मुलीला म्हणाला, "हे प्रत्येक ओळीनंतर थांबणं काढून टाका ना. रिकामंच जातंय ते."

मी पुढे होऊन त्याला सगळं सांगणार होतो. मुलीनं गोमीबायला कधी गाताना ऐकलं नव्हतं. पण तिला माझी गरज पडली नाही. तिनं पदर खोचला, त्याच्याकडे जरा वेळ नुसती बघत राहिली.

"ता तसाच ऱ्हानार," ती म्हणाली. "यो नियम बदलत नाय."

मग तिनं ओळ टाकली आणि थांबली. मी माइकवरचा हात काढून मागे बांधला.