कार्डावर नर लिहिलं होतं

शहापूरजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत उंदरांची देखभाल करणारे काका किन्हवलीहून एसटीने येतात. पिंजरा उघडताना ते उंदरांशी बोलतात. नराला 'रे', मादीला 'गो' म्हणतात.

एकदा नर उंदरांच्या यकृतातल्या एन्झाइमचे माझे आकडे जुळेनात. तिघांचे तर भलतेच आले. नवे उंदीर मारून सगळं पुन्हा करायचं ठरवून मी त्यांच्यासाठी अर्ज लिहिला. त्या तिघांचे नंबर मी पुटपुटत होते, ते ऐकून काका दारात थांबले.

"मॅडम, त्या तिघी माद्या व्हत्या. पिंजऱ्याच्या कार्डावर चुकून नर लिवलंय."

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितला व्हता. तुमी घाईत व्हत्या."

मादीच्या यकृतात एन्झाइमचं प्रमाण वेगळं असतं. तिघींचे आकडे बाजूला काढताच बाकीचे जुळले. नव्या उंदरांचा अर्ज मी त्यांच्यासमोरच फाडला. त्या दिवशी पहिल्यांदाच, मी न सांगता, काका माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.