उभ्यानं थापलेली भाकरी

मुरुमच्या शाळेत माझी बदली झाली ते साल अठ्ठावन्न. एकटा होतो, स्वयंपाक येत नव्हता, म्हणून पहिल्याच दिवशी कुणीतरी सिद्धम्माच्या खानावळीची वाट दाखवली. मोंढ्याच्या मागच्या गल्लीत माळवदाचं एक बुटकं घर. बाहेरच्या उन्हातून आत शिरलं की आधी काहीच दिसायचं नाही. मग छताच्या झरोक्यातून उतरलेला उजेडाचा खांब दिसे, त्यात धूर सावकाश वळत असे. त्या खांबापलीकडे चुलीपाशी, आमच्याकडे पाठ करून, सिद्धम्मा बसलेली असे. भाकरी थापल्याचा आवाज इतका एकसारखा यायचा की जेवता जेवता डोळ्यांवर झापड यावी. मोंढ्यात धान्य तोलणारा तोलार अंबादास तर ताटावरच पेंगायचा. हातातला घास तसाच राहायचा, आणि तो म्हणायचा, "आक्का, थापणं थांबवू नगा. सपान अर्धं ऱ्हाईल."

सिद्धम्मा तेव्हा पन्नाशीच्या आसपास असेल. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. नवरा तापानं गेला तेव्हा ती तिशीतली होती. पलीकडच्या आळंद भागात तिचा धाकटा भाऊ गुंडप्पा शेती करायचा. तो तिला न्यायला आला, तर ती म्हणाली, "दोन म्हैने खानावळ चालवून बघते." त्या दोन महिन्यांची अठरा वर्षं झाली. मधल्या काळात निजामाचं राज्य गेलं, भावाचं गाव म्हैसूर राज्यात गेलं, मुरुम मुंबई राज्यात आलं. तिची चूल जागची हलली नाही.

आणि तीही हलत नसे. तिची बैठक बघण्यासारखी होती. डाव्या हाताला पिठाचा डबा, उजव्या हाताला पाण्याचा हंडा, पुढ्यात भाकरी थापायची काटवट, पाठीशी आमटीचं भांडं आणि शेंगाच्या चटणीचा वाडगा. पळ्या दोरीनं खाली सोडलेल्या. बसल्या जागी हात लांबवला की हवं ते हाताला लागलं पाहिजे. आम्ही जेवणारे ताट घेऊन तिच्या पाठीशी जायचो, ती न वळता खांद्यावरून भाकरी द्यायची. सकाळी आठला मांडी घालून बसलेली बाई दुपारी अडीचला उठायची. या गोष्टीचा तिला अभिमान होता. "माझ्या घरात पायाला काम न्हाय मास्तर," ती म्हणायची, "सगळं हातच करतेत."

अडीचला ती उठली की दोन्ही गुडघे वाजायचे. वाळली काटकी मोडावी तसा कट्, आणि मागोमाग दुसरा. अंबादास म्हणायचा, "उठा रं, घड्याळ वाजलं." तीही हसायची.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात ते हसणं बंद झालं. आवाजाबरोबर आता कळ यायची. आवाज येतो म्हणून दुखतं, असं तिनं मनाशी धरलं, आणि आवाज नको म्हणून उठणंच कमी केलं. झोपायची वाकळही चुलीजवळ आणून ठेवली. हाडातलं तेल आटलं म्हणून रोज चमचाभर तूप प्यायली. शेजारच्या शांताक्कानं बिब्बा तापवून गुडघ्यांना लावला, तर टरारून फोड आले, आणि खानावळ आठ दिवस बंद पडली.

त्या आठ दिवसांत गुंडप्पा आला. मी विचारपूस करायला गेलो होतो, तो ओसरीवर बसला होता.

"आक्का, आता पुरे की," तो म्हणाला. "घर हाय, दूध हाय, नातवंडं हायत. बसून खा."

"बसूनच तर खाल्लंय आजवर," ती आतून म्हणाली.

"चेष्टा नगं. संक्रांतीपतूर बघतो. जमलं तर जमलं. न्हायतर भोगीला गाडी घेऊन येतो, आन् घेऊनच जातो."

तो गेल्यावर ती छतातून येणाऱ्या उजेडाकडे बघत म्हणाली, "भावाच्या घरी खायला कमी न्हाय मास्तर. पर तिथं मला वाढतील. मी कुणाला वाढू?"

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी मी आणि शांताक्का तिला एस.टी.नं उमरग्याच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते, पण घाई करणारे नव्हते. त्यांनी गुडघ्यावर तळवा ठेवला आणि पाय हळूच वाकवला, सरळ केला. कट् वाजलं.

"दुखलं?"

"न्हाय."

परत वाजलं. "आता?"

"न्हाय. पर वाजतंय की वो!"

"वाजू दे. माझेपण वाजतात." डॉक्टरांनी खुर्चीतून उठून दाखवलं आणि खरोखरच वाजलं. शांताक्का तोंडाला पदर लावून हसली. "नुसत्या आवाजाला भिऊ नका बाई. दुखतं कधी, सुजतं कधी, ते बघायचं. बसून किती वेळ असता?"

तिनं आपली बैठक सांगितली. डबा इथं, हंडा इथं, पळ्या दोरीला. कौतुकानंच सांगितली. डॉक्टर ऐकत राहिले.

"मोट बघितली आहे ना? चाकावरून नाडा जातो. दोन्ही बैल नेटानं ओढत असले की नाडा चाकाच्या मधोमध चालतो. एक बैल थकला की नाडा कडेला घासतो. तुमच्या गुडघ्याची वाटी म्हणजे तो नाडा. बैल आहेत मांडीत. अठरा वर्षं तुम्ही त्यांना दावणीला बांधून ठेवलंत. त्यात मांडी घालून बसलं की वाटी दिवसभर दाबली जाते. थोडी झीजही झाली आहे. ती भरून येणार नाही, खोटं सांगत नाही. पण बैल तयार झाले तर दुखणं पुष्कळ उतरेल."

मग त्यांनी तिला बाकावर बसवून पाय सरळ उचलायला लावला, दहा मोजेपर्यंत धरायचा, सावकाश खाली. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. गरम पाण्यानं शेक. बिब्बा नाही. जमिनीवर बसणं नाही, थोडं थोडं चालणं. "आणि भाकऱ्या उभ्यानं थापा."

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली होती. खिडकीबाहेर तुरीची पिवळी शेतं वाऱ्यावर हलत होती. आष्टा मोड मागं पडल्यावर म्हणाली, "उभ्यानं भाकरी? हाटेलवाल्यावानी?"

तिची खरी अडचण मात्र दुसरीच होती. मांडी घालायची नाही तर लिंगपूजेला कसं बसायचं? मठातल्या वृद्ध अय्यांना, म्हणजे स्वामींना, तिनं घाबरत विचारलं. ते म्हणाले, "सिद्धम्मा, लिंग तू तळहातावर धरतीस का मांडीवर?" दुसऱ्या दिवसापासून ती बाजेच्या काठावर पाय सोडून पूजा करू लागली. पूजा झाली की तिथंच पाय उचलायची. दहा आकडे मोजायला ती विसरायची, म्हणून तेवढ्या वेळात 'ओम नमः शिवाय' म्हणायची.

गवंड्यानं चुलीसाठी मातीचा ओटा बांधला. पहिल्या दिवशी भाकरी काही केल्या गोल होईना. कडा फाटायच्या, मधे जाड राहायची. अंबादासनं ताटातली भाकरी उजेडात धरली. "आक्का, हे मुरुमचा नकाशा हाय का म्हैसूर राज्याचा?"

"खा की मुकाट! तुझ्या तोलाइतकी सरळ हाय!" ती चिडून म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते. दुपारी मी ताटावरून उठलो तेव्हा ती ओट्याला टेकून म्हणाली, "बसून थापताना सगळं अंग हातात उतरायचं मास्तर. आता हात एकलेच पडलेत."

मी ओट्याकडे बघत होतो. गवंडी चांगला उंच होता, आणि ओटा त्यानं आपल्या कमरेला बेतला होता. सिद्धम्माचे खांदे थापताना कानाशी जात होते. संध्याकाळी गवंड्यानं कुरकुरत एक थर उतरवला. तिसऱ्या दिवशी तिला जमेना, चौथ्या दिवशी निम्म्या जमल्या. मग एका दुपारी त्या अंधाऱ्या खोलीत तो जुना एकसारखा आवाज पुन्हा सुरू झाला, थोडा वरून येणारा. अंबादासनं डोळे मिटून घेतले.

पळ्यांची दोरी तिनं स्वतः कापली. आमटीचं भांडं मुद्दाम दाराशी ठेवलं, म्हणजे चालावं लागेल. आता ती पंक्तीत फिरून वाढू लागली. आम्हाला ती आवाजावरून आणि पुढं केलेल्या ताटावरून ओळखायची. समोरून जेवताना तिनं आम्हाला कधी बघितलंच नव्हतं. पहिल्यांदा उजेडाच्या खांबातून माझ्यासमोर आली तेव्हा पळी तशीच धरून थांबली. "अय्यो मास्तर, तुम्ही डोळं मिटून जेवता व्हय? अठरा वर्सं मला वाटायचं, ही माणसं भांडल्यावानी खातेत. सगळी झोपल्यावानी खातेत की!"

दुखणं एकदम गेलं नाही. थंडीत काही सकाळी ती भिंत धरून उठायची, आणि त्या दिवशी अंबादास ओट्यावरची भाकरी स्वतःच उचलून ताटात घ्यायचा, न सांगता.

भोगीला गुंडप्पा आला. गाडीत कडब्यावर वाकळ पसरलेली, बहिणीला धक्के बसू नयेत म्हणून. सिद्धम्मानं त्याला आधी जेवायला बसवलं. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या होत्या, मिसळीची भाजी होती. दारापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून पंक्तीपर्यंत ती जा-ये करत होती. तो तिच्या पायांकडेच बघत जेवत होता. वाकून वाढताना गुडघा वाजला तसा त्याचा हात थांबला.

"दुखलं का आक्का?"

"थोडं. पैल्यापरीस कमी. तू खा."

त्यानं चौथी भाकरी मागून घेतली. शेवटी हात धुताना म्हणाला, "मी गाडी रिकामी न्यावी म्हणतीस?"

"रिकामी कशाला?"

तिनं धुतल्या फडक्यात वीस-पंचवीस भाकऱ्या बांधल्या, स्वतः गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेली आणि ते गाठोडं पसरलेल्या वाकळेवर मधोमध ठेवलं. "तुझ्या बायकोला दे. उभ्यानं थापल्यात म्हणून सांग."

गुंडप्पानं बैलांचे कासरे उचलले. दुपारच्या पांढऱ्या उन्हात गाडी सावकाश निघाली. वाकळेवरचं गाठोडं हलत होतं. सिद्धम्मा बघत उभी राहिली. मग आतून कुणीतरी भाकरी मागितली, तशी ती वळली.