अण्णांचं शब्दकोडं आणि साडेआठचा फोन

किस्से रद्दीसारखे असतात. रोज एखादा येऊन पडला तर कळत नाही, आणि एक दिवस दार उघडावं तर ढीग अंगावर. फरक एवढाच, की रद्दी नेणारा दारावर येतो, किस्से न्यायला कुणी येत नाही.

माझ्याकडचा सगळ्यात मोठा ढीग शेजारच्या अण्णांच्या ओट्यावर जमलेला आहे. गंगाखेडला आमच्या गल्लीत त्यांचं आणि आमचं घर लागून. दोन ओट्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. आमचे हे म्हणतात, "तू भिंतीला कान लावून बसतीस." आता मी खाली बसून भाजी निवडायला लागले, की भिंतीचा काठ बरोब्बर कानाला लागतो. त्याला मी काय करू?

अण्णा एस.टी.तून रिटायर झाले. बसस्टँडवर कंट्रोलर होते. जन्मभर माइकवर गाड्या पुकारल्या, त्यामुळं घरात चहा मागायचा तरी आवाज फलाटावरचा. सकाळी साडेसातला पेपर आला, की बातम्या बाजूला ठेवून ते आधी शब्दकोडं काढतात. रोज त्याचा विषय वेगळा असतो. सोमवारी स्वयंपाकघर, मंगळवारी शेती, बुधवारी नद्या, असं ठरलेलं. अण्णांच्या बायको, म्हणजे माई, आतून उत्तरं देणार. समोरचे रहमानभाई टेलर मशीन थांबवून बोलणार. आणि मी भिंतीच्या अलीकडून. शिक्षण माझं नववी, पण डाळी-भाज्यांचा दिवस असला की मला कुणी हरवत नाही.

*

एका मंगळवारी सूचना आली, 'पेरणीचं अवजार, तीन अक्षरी.'

मी म्हणलं, "तिफण. ह्यात इचारायचं काय?"

रहमानभाई म्हणाले, "पाभर, भाभी. आमच्या अब्बाची होती. पाभर."

तिफण बी तीन अक्षरी, पाभर बी तीन अक्षरी. लागलं भांडण. रहमानभाईंनी अब्बाची जमीन काढली, मी माहेरची बैलजोडी काढली. कुणाचं तरी ब्लाऊज मशीनवर अर्ध्या बाहीचं तसंच राहिलं.

अण्णांनी शांतपणे उभा शब्द सोडवला. 'पिकावर औषध मारणे, चार अक्षरी.' फवारणी. तिचा 'फ' येऊन पडला अवजाराच्या मधल्या चौकोनात. तिफण जिंकली.

रहमानभाईंचा चेहरा एवढासा झाला. "मग आमच्या अब्बाची पाभर काय खोटी?"

अण्णांना नुसतं उत्तर भरून चालत नाही, समजावून सांगावं लागतं. त्यांनी घसा साफ केला आणि स्टँडवरच्या आवाजात म्हणाले, "पाभर बी बरोबर हाय, रहमानभाई. पण आज ती ह्या मार्गावर धावणार न्हाई."

*

आता मेघाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मेघा अण्णांची एकुलती एक. पुण्याला नोकरीला गेली आणि तिथंच स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, कोर्टात. अण्णा गेले नाहीत. तिला "ये" म्हणले नाहीत, "येऊ नको" पण म्हणले नाहीत. जावयाचं नाव ह्या ओट्यावर कधी निघालं नाही. वर्ष-दीड वर्ष सगळं बंद.

मग एका सकाळी साडेआठला अण्णांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर. म्हणजे गल्लीला ऐकू जातो.

ना नमस्कार, ना कसे आहात. एवढंच आलं, "अण्णा, आजचा आडवा सहा काय हाय? मला सुटंना झालाय."

माई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातातलं पीठ खाली सांडायलंय, त्यांना पत्ता नाही. अण्णांनी चष्मा पुसला, पेपर जवळ घेतला आणि म्हणाले, "आडवा सहा. चार अक्षरी. शेवटचं अक्षर 'ळ' हाय का तुझ्याकडं?"

"हाय."

"मग कर इचार."

पुण्याच्या पेपरात आणि आमच्या पेपरात कोडं एकच येतं, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून रोज साडेआठला फोन. बोलणं फक्त आडव्या-उभ्याचं. ती तिकडचं काही सांगत नाही, हे इकडचं विचारत नाहीत. आणि अण्णा रोज एक शब्द मुद्दाम मोकळा सोडतात. येत असला तरी. तो तिच्यासाठी.

*

हे मला माहीत नव्हतं, म्हणून माझ्या हातनं घोटाळा झाला.

अण्णा अंघोळीला गेलेले. पेपर ओट्यावर, वर पेन. बघते तर सगळं कोडं भरलेलं, एकच शब्द मोकळा. 'हुरड्यासोबत खातात ती, तीन अक्षरी.' मला राहवलं नाही. भिंतीवरनं हात घातला आणि लिहून टाकलं, चटणी. वर मनात म्हणलं, अण्णा खूष होतील.

साडेआठला फोन आला. "अण्णा, आज कुठला राहिलाय?"

अण्णांनी पेपर वर-खाली बघितला. मागं फिरवून बघितला. म्हणाले, "आज… सगळं भरलंय."

"बरं," मेघा म्हणाली.

"बरं," अण्णा म्हणाले.

फोन ठेवला गेला. अर्धं मिनिट झालं नसेल. त्या दिवशी अण्णा ओट्यावरनं जेवायलाही उठले नाहीत, माई दोनदा बोलवून गेल्या. माझ्याकडं मात्र त्यांनी नुसतं बघितलं. मी कोथिंबिरीत तोंड घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर एक कोराकरकरीत पेपर. अण्णा म्हणाले, "शोभाताई, हा तुमचा. उद्यापासून पोऱ्याला दोन टाकायला सांगितलंय. ह्यात काय भरायचं ते भरा."

*

माई रोज चार वाजता माझ्याकडं विरजण मागायला यायच्या. घरात दोन माणसं, दही ते किती लागणार? पण वाटी घेऊन यायच्या, माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसायच्या, आणि मी माझ्या फोनवरनं मेघाला लावून द्यायची. मेघाला मुलगी झाली तेव्हा पहिला फोटो माझ्या फोनवर आला. माईंनी फोन डोळ्याजवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला. "नाक कुणाचं हाय गं शोभा? मला नीट दिसंना."

अण्णांना सांगायचं नाही, असं माईंनी मला देवासमोर कबूल करायला लावलं. "त्यांनी आपणहून इचारलं तर सांगीन. त्यांनी इचारावं." मी, जिच्या पोटात एक तास गोष्ट टिकत नाही, ती मी आठ महिने गप्प राहिले. आमच्या ह्यांना वाटलं माझी तब्येत बिघडली.

एक दिवस माई वाटी घेऊन निघाल्या. अण्णा ओट्यावर पेपर वाचायलेत. मान वर केली नाही.

"कुठं चाललीस?"

"शोभाकडं. विरजण आणते."

"मग हे घेऊन जा," म्हणाले, आणि खिशातनं माईंचा चष्मा काढून दिला. "बिनचष्म्याचं तुला काय दिसणार हाय?"

माई माझ्याकडं आल्या, पाटावर बसल्या, आणि त्या दिवशी फोन लावायच्या आधी चष्मा पदरानं पुसत राहिल्या.

*

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पण तोंडातनं काढत नव्हते. मी म्हणायची, अहो, नातीचं नाव तरी विचारा एकदा. मनातल्या मनात म्हणायची, अर्थात.

एका शनिवारी कोड्याचा विषय पक्षी होता. मेघा म्हणायली, "उभा चार, झाडाला उलटं घरटं…" आणि तिकडं मागं लेकरू रडायला लागलं. असलं जोरात, की रहमानभाईंनी इकडं मशीन थांबवली.

मेघाचं वाक्य तिथंच तुटलं. अण्णांचं पेन थांबलं. माईंनी पदर तोंडात धरला. लेकरू तेवढं थांबेना.

"मेघा," अण्णा म्हणाले.

"हां अण्णा."

"ते बघ आधी. कोडं कुठं पळायलंय?"

कोड्याच्या बाहेरचं, त्यांनी तिला बोललेलं ते पहिलं वाक्य. तिनं फोन तसाच खाली ठेवला असावा. आम्हाला तिचं गुणगुणणं ऐकू यायला लागलं, पाठीवर थोपटल्याचा आवाज ऐकू यायला लागला. रडणं हळूहळू उतरलं. मग नुसतं थोपटणं. मग ते पण थांबलं, आणि पंखा फिरल्याचा आवाज तेवढा राहिला.

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मेघा परत फोनवर आली नाही. ती पण झोपली असेल लेकराजवळ.

माई हळूच म्हणाल्या, "ठेवा की आता. बिल येईल तिला."

अण्णा फोनकडं बघत म्हणाले, "ठेवू कसा? सुगरण अजून भरायचीय."

*

आणि हे ह्या दिवाळीचं.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पेपर येत नाही. छापणाऱ्यांनाही दिवाळी असते. ते आम्हा कुणाच्या ध्यानातच नव्हतं, कारण गल्लीत गडबड. आमची लेक आलेली, रहमानभाईंच्या शेजारच्या घरी दोघी बहिणी आलेल्या, दारोदार लेकरं. अण्णांचाच ओटा तेवढा मोकळा. रांगोळी माईंनी काढलेली, पण लहान.

अण्णा सकाळपासून जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या पाठीवर पट्टी ठेवून रेघा मारत बसलेले. मला वाटलं, लाइटबिलाचं काहीतरी असेल. साडेआठ वाजले. फोन वाजेना. पेपरच नाही, तर तिनं काय म्हणून फोन करावा? पावणेनऊ झाले. नऊ झाले.

नऊ वाजून गेल्यावर अण्णांनी स्वतः फोन लावला. आमच्या गल्लीनं हे पहिल्यांदा बघितलं.

"अण्णा? काय झालं? माई बरी हाय ना?"

"बरी हाय. आज पेपर न्हाई."

"माहीत हाय."

"मी काढलंय एक. घे, पेन्सिल घे."

तिकडं खण उघडल्याचा आवाज आला. मग मेघानं विचारलं, "इषय?"

"आपलं घर," अण्णा म्हणाले. "आडवा एक. मोरीजवळ तू लावलेलं झाड, तीन अक्षरी."

"मोगरा."

"त्यो जगला न्हाई. दुसरं."

"डाळिंब. हाय का अजून?"

"हाय. औंदा धरलंय. उभा दोन. शाळेत जाताना रोज इसरायचीस ते, दोन अक्षरी."

"डबा." आता तिच्या आवाजात हसू होतं. आमची लेक येऊन माझ्याजवळ बसली. रहमानभाई कात्री हातात घेऊन दारात उभे.

"आडवा चार. ह्या घरात सगळ्यात हट्टी कोण? दोन अक्षरी."

मेघा म्हणाली, "अण्णा, मेघा, माई. तिन्ही बसतंय की. कुठलं लिहू?"

"तुला वाटंल ते लिही. मी मोकळा सोडलाय."

माई आतून म्हणाल्या, "माझं नाव कशाला घेता बापलेक?" आणि बाहेर येऊन अण्णांच्या मागं उभ्या राहिल्या.

असं एकेक करत सगळं सुटलं. माळवदावरचं, देव्हाऱ्यातलं, तिनं फोडलेलं, तिनं लपवलेलं. शेवटी अण्णांनी पेन्सिल कागदावर टेकवली.

"आडवा सात. ह्याची सूचना न्हाई लिहिलेली."

"मग ओळखू कसं?"

"मलाच येत न्हाई ते. पाच चौकोन काढून ठेवलेत." अण्णांचा आवाज स्टँडवरचा राहिला नव्हता. "नाव किती अक्षरी हाय, कुठं ठाऊक हाय मला?"

फोनमधनं हळूच आलं, "दोन, अण्णा. रेवा."

अण्णांनी लिहिलं. एका चौकोनात रे. दुसऱ्यात वा. कागद हातभर लांब धरून बघितला.

"तीन उरले," ते म्हणाले. "काळे करतो."

"नका करू, अण्णा," मेघा म्हणाली. "मोकळे राहू द्या."