तारेचं गाणं

किसन गेल्याचा फोन त्याच्या मुलीचा, सुनंदाचा आला तेव्हा मी दुपारचा चहा गाळत होतो. ‘‘काका, बाबा गेले,’’ ती म्हणाली. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, ‘‘कशानं?’’ ‘‘खुर्चीत बसल्या बसल्या. पेपर हातातच व्हता.’’ ते ऐकून मला हायसं वाटलं. लहानपणापासूनचा दोस्त गेल्यावर हायसं वाटणं बरं दिसत नाही, पण खोटं कशाला लिहू... किसन विजेनं गेला नाही, एवढंच मला हवं होतं.

गंगाखेडात आम्ही एका बाकावर शिकलो. पुढे मी शाळेत शिकवायला लागलो, पण सगळा तालुका मास्तर म्हणायचा त्याला, कारण त्याची बेंजो पार्टी होती. मला तो ‘गुरुजी’ म्हणून चिडवायचा. पार्टी म्हणजे दोन ढोल, ताशा, झांज आणि एक हातगाडा. गाड्यावर लोखंडी पायपांचा सांगाडा, त्याला दोन भोंगे टांगलेले आणि मध्ये किसनचा बेंजो. गायचाही तोच. उन्हाळ्यात लग्नसराई आणि शाळेला सुट्टी, म्हणून मी खुळखुळा वाजवायला जायचो. खुळखुळ्याला अक्कल लागत नाही असं किसनचं मत होतं, आणि माझ्या बायकोचंही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आमच्याकडे करंट डान्सची साथ आली. व्हिडिओवर कुठला तरी नाच बघून पोरांनी तो आपल्या पद्धतीनं केला होता. हवेतच तार धरल्यासारखी मूठ आवळायची, अंग थरथरवायचं, मग डोळे वर करून ताठ व्हायचं आणि झटका देऊन सुटायचं. बोरीपासून चुडाव्याच्या स्टेशनापर्यंत जिथं ढोल वाजेल तिथं पोरं थरथरताना दिसायची. माझी आई एकदा ते बघून घरात निघून गेली. ‘‘मरणाचं सोंग घेऊ न्हाई रं, मरण ऐकत असतंय,’’ म्हणाली. आम्ही हसलो.

किसन मात्र त्या पोरांचे पाय बघत होता. ‘‘गुरुजी, ह्या पोरायला ठेका कमी अन् मोकळी जागा जास्त पाहिजे,’’ म्हणाला, आणि आठ दिवसांत त्यानं गाणं बांधलं. ‘धरू नको गं तार, पोरी, धरू नको तार...’ ‘तार’ या शब्दावर सगळं एकदम गप्प व्हायचं. बेंजो नाही, ढोल नाही, काही नाही. मनात चार मोजायचे. तेवढा वेळ नाचणारे ताठ उभे. मग दोन्ही ढोलांवर एकदम ठोका पडायचा आणि सगळे सुटायचे. माझ्या पुण्याच्या पुतण्यानं मागं कधी तरी जुनी कॅसेट ऐकून सांगितलं, ‘‘काका, हे तर चक्क अमेरिकेतलं फंक आहे.’’ आम्हाला कुठलं नाव माहीत! पण गाणं असं चाललं की विचारू नका. हॉटेलात तेच, रसवंतीवर तेच. किसन मोकळा आहे का ते बघून लोक लग्नाची तारीख धरू लागले. तोही जरा फुगला. का फुगू नये?

ते नामांतराचे दिवस होते. कधी कुठला रस्ता बंद होईल, कुठल्या गावात काय पेटेल, याचा नेम नसायचा. मिरवणुकीला निघताना बायको दारात उभी राहून ‘‘आजच जायला पाहिजे का?’’ विचारायची. त्या दिवशीही रस्ता अडवलेला होता. आम्ही सकाळीच आडवाटेनं लग्नाच्या गावी पोचलो होतो. बेंजो आणि भोंगे ज्यावर चालायचे तो जनरेटर मात्र मागं अडकला. गावाचं नाव लिहीत नाही. दिवस मावळायला आला, मुहूर्त जवळ आला. नवरदेवाचे वडील समजूतदार होते. म्हणाले, ‘‘मास्तर, राहू द्या. नुसत्या ढोलावर जाऊ मारुतीला.’’ किसन म्हणाला, ‘‘बेंजोबिगर तारंचं गाणं कसं वाजंल ओ? टाका आकडा.’’ बांबूला वायर बांधून खांबावरच्या तारेला आकडा टाकला गेला. भोंगे बोलायला लागले तशा शिट्ट्या पडल्या. मीही खूश झालो होतो, हे कबूल केलं पाहिजे.

नवरदेवाचा धाकटा भाऊ दत्ता हा करंट डान्सचा राजा. मारुतीला जायचं म्हणून अनवाणी आलेला. दारादारातून बायका रिवाजाप्रमाणे नवरदेवाच्या घोड्याच्या पायांवर घागरी ओतत होत्या, त्यानं वाटेवर चिखल झाला होता. गाण्याचं दुसरं कडवं आलं. ‘धरू नको तार...’ सगळं गप्प. सगळे ताठ. दत्तानं नाचता नाचता आमच्या गाड्याचा पाइप धरला होता. ढोलांवर ठोका पडला. सगळे सुटले... दत्ता सुटला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. किसन हसला आणि बोट फिरवून म्हणाला, ‘‘पुन्हा घ्या!’’

दत्ता माझ्यापासून हातभर अंतरावर होता. त्याचे दात आवळलेले होते आणि डोळे नाचणाऱ्या माणसाचे नव्हते. मला कळलं. निदान अर्धं तरी कळलं. ‘बंद करा’ हे शब्द तोंडात आले होते. पण गाणं ऐन रंगात, मी पडलो खुळखुळेवाला, चुकलो तर सगळं वऱ्हाड हसेल... मी खुळखुळा हलवत राहिलो. पुढं कुणा म्हाताऱ्यानं काठीनं आकड्याची वायर खांबावरून पाडली. बेंजो मधेच मेला, ढोल मात्र दोन-चार ठोके पुढं वाजले. दत्ता चिखलात पडला होता.

तेराव्याला किसन मला घेऊन त्या घरी गेला. मार खायची तयारी करूनच गेलो होतो. दत्ताची आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, ‘‘मास्तर, माजं लेकरू लय चांगलं नाचायलं व्हतं का ओ?’’ किसननं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ‘‘माय, ते गाणं माझ्या हातानं पुन्हा वाजणार न्हाई,’’ तो म्हणाला. ते त्यानं शेवटपर्यंत पाळलं. पण गाणं कुठलं थांबतंय! ‘माणूस मेला ते हेच’ म्हणत लोक ते जास्तच मागू लागले, दुसऱ्या पार्ट्या वाजवू लागल्या. ते दुरून कानावर आलं की किसन चालता चालता उभा राहायचा.

मग त्यानं टेस्टर घेतला. लोक पेन लावतात त्या खिशात तो असायचा. निघायच्या आधी घरच्या प्लगात घालून त्याचा लाल दिवा लागतो का बघायचा. ‘‘टेस्टरचा तरी काय भरवसा, गुरुजी? आधी बघून घ्यावं.’’ मिरवणुकीच्या जागी प्रत्येक पाइप, प्रत्येक खांब तपासल्याशिवाय बेंजोला हात लावत नसे. लोक त्याला टेस्टर मास्तर म्हणून हसायचे. कधी कधी तो माझ्याकडं न बघता म्हणायचा, ‘‘आकडा मीच टाकायला लावला. पण तिथल्या एकाला तरी दिसायला पाहिजे व्हतं रे...’’ मी विषय बदलायचो. मला दिसलं होतं, हे मी त्याला कधीच सांगितलं नाही. सगळा भार त्याला एकट्यालाच उचलू दिला. आता सांगतोय, तर ऐकायला तो नाही.

सुनंदानं टेस्टर मला दिला. ‘‘तुमीच ठेवा, काका.’’ गेल्या आठवड्यात शेजारच्या मुलाचं लग्न होतं, तेव्हा तो खिशात घालून गेलो. डीजेची गाडी, लोखंडी सांगाडा, खाली टँकरचं सांडलेलं पाणी. आणि लागलं काय, तर नव्या धडधडाटात तेच तारेचं गाणं! मी पुढं होऊन टेस्टर सांगाड्याला लावला. दिवा लागला नाही. बरं वाटलं. मागं फिरलो आणि आठवलं की घरून निघताना मी टेस्टर प्लगात घालून बघितलाच नव्हता... तेवढ्यात ‘तार’ शब्द आला. सगळं गप्प झालं, पोरं ताठ उभी राहिली.

‘‘बंद करा!’’ मी ओरडलो.

त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं. डीजेवाल्यानं घाबरून बटण दाबलं. पोरं वळून माझ्याकडं बघायला लागली, कुणी हसलं, कुणी कपाळाला आठ्या घातल्या. मी एकेकाकडं नीट बघितलं. सगळे हलत होते. ‘‘काय झालं, गुरुजी?’’ नवरदेवाच्या वडिलांनी विचारलं. टेस्टर मुठीत घट्ट धरून मी तिथंच उभा राहिलो... एवढी सोपी हाक होती ती.