रोलरच्या जागी छर्रे

कारखान्यात तिला सगळे रूळबाई म्हणत. यंत्राचा जो भाग मागेपुढे सरकतो तो कशावरून सरकेल, हे ठरवणं तिचं काम. काम हलकं आणि बैठक ओबडधोबड असेल तर गोल दांडा, नेमकेपणा हवा असेल तर चौकोनी रूळ आणि त्यावरून सरकणारा छर्‍यांचा ब्लॉक, ओझं जबर असेल तर रोलरचा. ओझं किती, कुठल्या बाजूने, धूळ किती, तेल कोण घालणार, असं विचारून विचारून ती समोरच्याला भंडावून सोडायची. स्थळ बघताना लोक याच्या निम्मी चौकशी करत नाहीत. तिनेही केली नव्हती.

नवरा त्याच कारखान्यात खरेदी बघायचा. माणूस गोड बोलायचा, आणि तिचा त्याच्यावर भारी जीव होता.

दगड कापायच्या यंत्रासाठी तिने रोलरचे रूळ निवडले. जोडणी सुरू होणार तोच तिची आई जिन्यावरून पडली आणि तिला तातडीने माहेरी जावं लागलं. कारखान्याची एक पद्धत होती. रूळ ज्याने निवडले, त्यानेच पहिल्या फेरीला सरकत्या टेबलावर तळहात ठेवून थरथर लागते का ते बघायचं. तो ‘ठीक’ म्हणाला तरच यंत्र बाहेर जायचं. नवरा म्हणाला, तू बिनघोर जा, तुझ्या वतीने मी हात ठेवतो.

यंत्र गिऱ्हाइकाकडे गेलं आणि थोड्याच दिवसांत कापलेल्या दगडांच्या कडा उडायला लागल्या. मालकाने सगळ्यांसमोर रूळबाईची खरडपट्टी काढली. तिने आकडेमोड पुन्हा पुन्हा तपासली. चूक सापडेना, तरी आपलंच काहीतरी चुकलं असं तिच्या मनाने घेतलं. नवरा मात्र तिच्या बाजूने बोलला. आईच्या दुखण्यात बिचारीचं लक्ष नव्हतं, सांभाळून घ्या, म्हणाला. तिला भरून आलं.

चैन पडेना म्हणून ती स्वतःच गिऱ्हाइकाकडे गेली. ब्लॉक रुळावरून तसाच ओढला तर आतला माल जमिनीवर सांडतो, म्हणून टोकाला प्लॅस्टिकचा नकली रूळ लावून तिने तो अलगद त्यावर घेतला. मग नकली रूळ जरासा मागे सारून ती आत डोकावली. आत छर्रे होते. बाहेरून माप तेच, भोकं तीच, त्यामुळे जोडणाऱ्यांनी आलेला माल मुकाट्याने बसवला होता. माल मागवणारा कारखान्यात एकच होता.

संध्याकाळी तिने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. त्याने फार आढेवेढे घेतले नाहीत. रोलरची ऑर्डर द्यायला तो विसरला होता, तारीख डोक्यावर आली तेव्हा मिळेल ते उचललं.

“हात ठेवलात तेव्हा थरथर लागली नाही?”

“लागली. पण तुझं नाव मोठं आहे. एका चुकीने तुझं काय बिघडणार होतं?”

तिचा संताप झाला, आणि संतापापेक्षा जास्त ती दुखावली. तरी तिने त्याला वाट दिली. उद्या मालकांना तुमच्या तोंडाने सांगा, मी शेजारी उभी राहते. तो हो म्हणाला. जेवलाही नीट.

सकाळी मालकाच्या खोलीत तिने ब्लॉक टेबलावर ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. त्याने घसा साफ केला. माल बदलावा लागला हे खरं, म्हणाला, पण मी हिला माहेरी फोन करून विचारलं होतं. ही चालेल म्हणाली, म्हणून घेतला.

मालकाने तिला विचारलं, “फोन आला होता?”

आला होता. सगळ्या धावपळीत त्याचा तो एकच फोन. जावयाला किती काळजी, म्हणून आईने तो दवाखान्यातल्या शेजारच्या खाटांवरच्या बायकांनाही कौतुकाने सांगितला होता.

“आला होता,” ती म्हणाली. “आई कशी आहे ते विचारायला.”

मालकाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. नवरा खाली मान घालून, खोटं बोलणाऱ्या बायकोकडे बघवत नाही अशा चेहऱ्याने उभा होता.