गुडघ्याएवढं झाड

उजवा तळहात आडवा करून काका तो गुडघ्याच्या जरा वर धरायचे आणि म्हणायचे, "एवढंच. याच्या वर नको." समोर रोपं विकणारा असो की आमच्यासारखा शेजारी, हात त्याच उंचीवर थांबायचा. बोईसरपासून सफाळ्यापर्यंतच्या रोपवाल्यांना तो हात पाठ झाला होता. एका रोपवालीने तर त्यांना तोंडावर सांगितलं, "काका, रोप हाय ते, ब्लाऊज नाय मापानं शिवून द्यायला." काका हसले नाहीत. त्यांनी हात पुन्हा तिथेच धरून दाखवला.

सरावलीला आमच्या समोरच्या दारात ते राहायचे. मूळचे जुन्नरकडचे. इथल्या एका रसायनांच्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं घालवली, निवृत्त झाले, आणि गावी परतायची बांधाबांध चालू असतानाच काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. बांधलेली खोकी तशीच राहिली आणि काकूंची कॉट गॅलरीच्या दाराला लागली. तिथून त्यांना खालचा रस्ता आणि पाळी सुटल्यावर जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या दिसायच्या. दिवसभर तेवढंच.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी उजव्या हातात दाबायला एक मऊ चेंडू दिला होता. काकू तो बघायच्यासुद्धा नाहीत. मग एकदा काका मला जिन्यात गाठून म्हणाले, "हिला मी पहिल्यांदा टोमॅटोच्या तोडणीत पाह्यली. दोन्ही हातांनी तोडायची. आख्ख्या वावरात तिच्या पुढं कोण जात नव्हतं. चेंडू कशाला दाबंल ती? टोमॅटो दिसला ना, की हात आपोआप जाईल बघा."

आता तुम्ही म्हणाल, टोमॅटो बाजारात ढिगाने मिळतो, आणून द्यायचा हातात. मीही तेच म्हटलं होतं. पण काकांना तसला चालणार नव्हता. टोमॅटो झाडावर हवा होता, देठाला लटकलेला, आणि काकू कॉटवर बसल्या की जिथवर त्यांचा हात जातो तिथेच हवा होता. म्हणून ते माप.

आधी प्रश्न आला लावायचं कशात. आमच्याकडे भंगारवाल्याकडचा निळा ड्रम अर्धा कापून त्यात लोक काय वाटेल ते लावतात. काकांनी त्याला हात लावला नाही. "त्यात आधी काय भरलेलं असतं ते मीच भरत होतो. खायचं त्यात लावायचं नाही." शेवटी दातिवऱ्याहून येणाऱ्या मासेवालीने त्यांना थर्माकोलची जुनी पेटी दिली. "मीठ मुरलंय तिच्यात. चांगली धुवा, नायतर झाड जगायचं नाय," असं बजावूनही दिली. काकांनी ती इतकी धुतली की आमच्या मजल्याचं पाणी संपलं. तरी सरावलीतली झाडून सगळी मांजरं आठवडाभर जिन्यात मुक्कामाला होती.

पहिलं रोप त्यांनी गावाहून आणलं. तिकडे टोमॅटो तारेवर आणि काठ्यांवर चढवतात, आणि ते झाड इथेही आपला धर्म सोडायला तयार नव्हतं. ते ग्रिलला धरून छताला पोहोचलं. फळं लागली ती काकांच्याही डोक्यावर, आणि पानांनी गॅलरी अशी भरली की काकूंचा रस्ताच बुजला. काकूंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. काकांनी त्याच दुपारी हिरव्या फळांसकट झाड बुंध्यातून कापलं. आम्ही मजलाभर हिरव्या टोमॅटोची चटणी खाल्ली, पण कुणी चांगली झाली म्हणालं नाही.

मग कुणीतरी चेरी टोमॅटो सुचवला. पाकिटावरचं चित्र बघून काका हुरळले. फळ बोराएवढं, म्हणजे झाडही बेताचं असणार! झाड पहिल्यापेक्षाही लवकर छताला टेकलं. "फळावरनं झाडाचा अंदाज बांधला मी," ते म्हणाले, "जन्म शेतकऱ्याच्या घरात आणि अक्कल बघा."

तिसऱ्या खेपेला मात्र खरी बुटकी जात मिळाली, जाड खोडाची, झुडपासारखी. ब्लाऊजचा टोमणा मारणाऱ्या रोपवालीनेच ती कुठूनशी मिळवून दिली. आणि इथे काकांना त्यांचा गावचा हात नडला. तारेवरच्या टोमॅटोला पानाच्या बेचक्यातून कोंब फुटले की ते खुडतात, म्हणजे झाडाचा जोर फळात उतरतो. त्याला ते बगलफूट काढणं म्हणत. लहानपणापासूनची सवय, बोटं थांबतील कशी? रोज सकाळी ते देवाची फुलं काढावीत तशा भक्तिभावाने कोंब खुडायचे. बुटक्या झाडाची फळं त्याच कोंबांवर येतात. झाडाचा पार खराटा झाला. चार फुलं आली तीही गळाली.

पुन्हा रोप आणलं, त्याच जातीचं. पुन्हा कोंब फुटले, पुन्हा काकांची बोटं तिकडे गेली. मी तेव्हा काकूंना खीर द्यायला गेले होते. काकूंनी डाव्या हाताने काकांचं मनगट घट्ट धरलं.

"अगं, बगलफूट आहे ती," काका म्हणाले.

काकू सोडेनात. मान हलवत राहिल्या. झटका आल्यापासून त्यांनी कुणाला कशाला अडवलं नव्हतं. काका तसेच उकिडवे बसून राहिले आणि त्यांचे डोळे भरले. "बरं," ते म्हणाले, "तोडणीतली मुकादम तू. नाय खुडत."

ते झाड फळांनी लगडलं. गुडघ्याच्या जरा वर, रेसभरही जास्त नाही. काका सगळ्या मजल्याला बोलावून हात आडवा धरून दाखवायचे. रोज सकाळी ते काकूंचा उजवा हात उचलून हिरव्या फळाभोवती न्यायचे, एकेक बोट मिटवायचे आणि म्हणायचे, "नुसतं धर. तोडायचं नंतर." बोटं हळूहळू उलगडून खाली यायची. काका पुन्हा मिटवायचे. इतका चिवट माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्याइतकं कुणाचं भलं व्हावं असंही मला कधी वाटलं नव्हतं.

एके सकाळी दूध आणायला म्हणून काका खाली उतरले आणि जिन्यातच बसले. आम्ही पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. फळं तेव्हा अजून हिरवी होती.

सुतकाच्या दिवसांत झाडाला पाणी मी घालत होते. एकेक टोमॅटो लाल होत गेला. तोडायचा धीर कुणालाच झाला नाही. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांची चाकणला राहणारी मुलगी आईला आपल्याकडे न्यायला निघाली. पेटी गाडीत मावणार नव्हती, ती माझ्याकडे ठेवायचं ठरलं. काकूंना खुर्चीत बसवून खाली उतरवायचं, एवढंच उरलं होतं. त्यांनी डाव्या हाताने गॅलरीच्या दाराकडे खूण केली. मी पेटी पुढे सरकवली.

काकूंनी एक पिकलेलं फळ निवडलं. देठाच्या गाठीवर डावा अंगठा टेकवून, जुन्या सफाईने, टचकन तोडलं. मग ते मांडीवर पडलेल्या उजव्या तळहातात ठेवलं आणि एकेक बोट त्याच्यावर मिटवलं.

"आई, दे, पिशवीत ठेवते," मुलगी म्हणाली.

काकूंनी दिलं नाही. आम्ही चौघांनी खुर्ची उचलली, जिन्याची वळणं उतरलो, त्यांना गाडीत बसवलं. उजव्या बोटांनी फळ आपणहून धरलं होतं की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत काकूंनी त्या मुठीवरचा डावा हात काढला नव्हता.