वाजवून घेतलेला संसार

आमच्या गल्लीत दोन घरांनी मिळून बाजार करायची एक रीत आहे. दोन घरं म्हणजे माझं आणि भिंतीपलीकडच्या भाभीचं. मी मराठ्याची, ती मुसलमानाची. वयानं ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी धाकटी आहे, पण मी तिला भाभी म्हणते आणि ती मला अक्का. उमरग्यात निम्म्या बायका एकमेकींच्या अक्काच असतात म्हणा.

तर रीत अशी. शनिवारी मी घरात तेल आणत नाही, लोखंड आणत नाही. सासूबाईंनी लावलेली सवय, मोडायला हात धजत नाही. आणि हायवेच्या कडेला जे मोठं मार्ट झालंय, तिथं तेलावर सूट असते ती नेमकी शनिवारी. मग भाभी आपल्या पिशवीतून माझा तेलाचा डबा आणते, आपल्या घरात ठेवते, आणि रविवारी सकाळी मी तो तिच्याकडून विकत घेते. सून हसते. म्हणते, शनिदेवाला काय भिंत दिसत नाही? मी म्हणते, दिसते ना, म्हणूनच तो पलीकडं डोकावत नाही.

त्या मार्टात मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारातच चपला काढल्या. एवढी लखलखीत फरशी, थंडगार वारा, वर ओळीनं दिवे, मला वाटलं चपला घालून आत कसं जायचं. अर्ध्या तासानं बाहेर आले तर माझ्या चपलांशेजारी आणखी सात-आठ जोड. मला बघून बाकीच्यांनीही काढल्या होत्या. आता चपला घालून जाते, पण आत पाऊल टाकलं की अजून क्षणभर थांबते. साखरेच्या पोत्यांची भिंत, साबणाची भिंत, डाळींचे पारदर्शक हौद. आमच्या लहानपणी दुकानदाराच्या पाठीमागं काय आहे ते कधी दिसायचंच नाही. इथं सगळं उघडं, हात लावा, उचला, परत ठेवा, कुणी विचारत नाही.

मागं एकदा त्या मार्टानं पाटी लावली. भांड्यांचा सगळा माल काढून टाकायचा आहे, निम्म्या किमतीत, शुक्रवार ते रविवार. भाभीच्या थोरल्या लेकीचं लग्न तेव्हा ठरलेलं होतं. पोरगी शिकलेली, नवरामुलगा मुरूम गावचा, माणसं साधी. त्यांनी काही मागितलं नव्हतं. पण लेकीला रिकाम्या स्वयंपाकघरात पाठवायची नाही, असं भाभीच्या मनात पक्कं होतं. पैसा बेताचा. ती शिलाईचं काम करते, नवरा ट्रकावर. ही तीन दिवसांची सूट म्हणजे तिच्यासाठी दारात आलेली गोष्ट होती.

आणि नेमके ते दिवस तेरातेजीचे निघाले. मोहरमच्या पुढच्या महिन्याचे पहिले तेरा दिवस. त्यांच्यात जुनी माणसं या दिवसांत लग्नाची वस्तू घेत नाहीत, नवं काम काढत नाहीत. लेक म्हणाली, अम्मी, किताबात असं काही नाही. भाभी म्हणाली, "किताबात नसंल. माझ्या मनात हाय. तुझ्या संसाराला मी मनात शंका ठेवून भांडं घेऊ का?"

लेकीची बाजू मी तरी कुठल्या तोंडानं घेणार? शनिवारचं तेल भिंतीपलीकडं ठेवणारी बाई मी.

मग आमचीच रीत उलटी फिरवली. भांडी मी घ्यायची, माझ्या पैशानं, माझ्या घरात ठेवायची. तेरा दिवस सरले की ती माझ्याकडून घेणार. फक्त एक अडचण. मला भांड्यातलं कळत नाही. मला सगळंच चमकणारं चांगलं दिसतं. म्हणून शुक्रवारी भाभी माझ्याबरोबर आली, पण हात लावायचा नाही या बोलीवर. दोन्ही हात बुरख्याच्या आत घेऊन ती माझ्यापासून तीन पावलं लांब उभी राहिली.

भांड्यांचा विभाग बघून मी बघतच राहिले. पातेल्यांचे मनोरे, ताटांच्या थप्प्या, डब्यात डबा, त्यात डबा. मी एक पातेलं उचललं, म्हटलं, हे जड लागतंय, घेऊ?

"उचलू नका अक्का. वाजवा."

मी बोटाच्या पेरानं ठोकलं.

"न्हाई. दुसरं."

दुसरं ठोकलं. न्हाई. तिसरं ठोकलं. तिनं डोळे मिटले, आवाज पुरता विरेपर्यंत तशीच थांबली, आणि म्हणाली, "हे."

मला तिन्ही सारखीच वाजल्यासारखी वाटली. एकाच मापाची, एकाच किमतीची. मी म्हटलं, काय फरक आहे ते तरी सांग. ती म्हणाली, "पातळ पत्रा वरडतो, अक्का. जाड पत्रा बोलतो. हातात जड लागतंय ते कधी काठामुळं, कधी कड्यांमुळं. जळायचं असतंय बुडाला."

तेव्हा मला आठवलं. भाभीचे वडील कल्हईवाले होते. ती आठ-नऊ वर्षांची असताना त्यांच्याबरोबर गावोगाव फिरायची, भाता ओढायची. आलेलं प्रत्येक भांडं वडील आधी ठोकून बघायचे. आतून चिरलेलं भांडं कल्हई केल्यावर फुटलं तर दोष त्यांच्यावर यायचा. आणि ठोकल्यावर ते लेकीला विचारायचे, सांग, हे घेऊ का परत देऊ? एवढ्या वर्षांत हे तिनं मला बोलण्याच्या ओघात दोनदा सांगितलं असेल. मी हं हं म्हणून सोडून दिलं होतं.

निळा टी-शर्ट घातलेली एक पोरगी तिथं कामाला होती. तिला आमचं चाललेलं बघून मजा वाटली. तिनं भाभीनं नाकारलेलं एक आणि पसंत केलेलं एक, अशी दोन पातेली उचलली आणि डाळी तोलायच्या काट्यावर ठेवली. पसंत केलेलं पातेलं चांगलंच वजनदार निघालं. पोरीनं तोंडावर हात ठेवला. मग मला त्यातला खरा फायदा उमजला. आमच्या पेठेत स्टील किलोवर मिळतं, जेवढं जड तेवढे पैसे. इथं किंमत नगावर. पातळ आणि जाड एकाच किमतीला, वर पुन्हा निम्मी सूट. ज्याला ऐकू येतं त्यानं उचलावं.

त्यानंतर मी ठोकत गेले आणि ती ऐकत गेली. कढई, तवा सोडून सगळं. पाण्याची टाकी, परात, डबे, ताटं. शंभरभर भांडी वाजवली असतील. मधे एक साहेब आले, गळ्यात पट्टा अडकवलेले. म्हणाले, आजी, हे काय चाललंय, गिऱ्हाईक तक्रार करतंय, भांडी वाजवू नका.

मी म्हटलं, "साहेब, मडकं घेताना वाजवता का न्हाई? मग ह्याच्यावर राग का?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. साहेबही हसू दाबत निघून गेले. पण त्यांच्यामुळं लोकांचं लक्ष आमच्याकडं गेलं. एक बाई हळूच आली, हातात डबा. मावशी, एवढं ऐका की. भाभीनं ऐकलं, म्हणाली चांगला आहे. मग दुसरी आली. मग तिसरी. बायका आपापलं भांडं स्वतः ठोकायच्या आणि भाभीच्या तोंडाकडं बघायच्या. ती डोळे मिटून उभी, हात आत, आणि सांगत होती, हे घ्या, हे ठेवा. कुणाला ताई, कुणाला माय. मला तिथं काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. वीस वर्षं मी जिच्या अंगणात बसून शेंगा सोलल्या, ती ही बाई, आणि मला ती ठाऊकच नव्हती.

आमचं सगळं झालं होतं, एक मोठं पातेलं सोडून. पाहुणे आले, सण आला, की ज्यात वीस माणसांची बिर्याणी व्हावी असं. त्या मापाची चारच होती. तीन मी वाजवली, तिन्ही न्हाई. चौथं एका पिवळ्या साडीतल्या बाईच्या हातात होतं. तिनं ते आमच्यासमोर आणलं आणि ठोकलं. मी ऐकलं. मलासुद्धा कळलं. आवाज लांब गेला, फिरून आला. मी भाभीकडं बघितलं, नकाराची मान हलवली, मनात म्हटलं, आता न्हाई म्हण, म्हणजे ती खाली ठेवेल आणि आपण उचलू.

"चांगलं हाय, ताई. लई वर्षं चालंल."

बाई खूश होऊन पातेलं घेऊन गेली.

रिक्षात मी भाभीवर चिडले. एक शब्द फिरवला असता तर काय बिघडलं असतं? तिला काय कळणार होतं? भाभी मग म्हणाली, "कानाला एकदा खोटं शिकवलं, तर मग तो माझ्याशी पण खोटं बोलंल, अक्का."

मी पिशव्या सावरत बसले.

दुसऱ्या दिवशी शनिवार. स्टील म्हणजे लोखंडच की, मी घेणार नाही. तिची तेरातेजी, ती घेणार नाही. रविवारी सकाळी दार उघडायच्या आधी आम्ही मार्टापुढं उभ्या. ती निळ्या टी-शर्टातली पोरगी आम्हाला बघून हळहळली. म्हणाली, आजी, काल आला असता तर, काल मोठ्या पातेल्यांचा नवा माल काढला होता, दुपारपर्यंत संपला. दोन घरांच्या दोन रीतींनी मिळून ते पातेलं आमच्या हातून घालवलं होतं. भाभी माझ्याकडं बघून हसायला लागली. मग मलाही हसू आलं. शुक्रवारी नाकारलेल्या तिनांतली उरलेली दोन मी पुन्हा वाजवून बघितली. भाभीनं मान हलवली. मी म्हटलं, घेऊ एक, मोठं पातेलं दिल्याचं नाव तर होईल. ती म्हणाली, "नावासाठी न्हाई घ्यायचं. बुड जळलं की पोरीला माझी आठवण येईल, तशी नको."

तेरातेजी सरेपर्यंत माझी मागची खोली भांड्यांनी भरलेली होती. सून आत-बाहेर करताना अडखळायची. चौदाव्या दिवशी सकाळी भाभी आंघोळ करून आली, तिनं सगळं माझ्याकडून घेतलं, आणि एकेका भांड्याला पहिल्यांदा हात लावला. लेक डबे उचलून नेत होती.

मार्टातल्या सवलतीत एवढं वाचलं होतं की मोठ्या पातेल्यासाठी पैसे हातात राहिले. त्याच दुपारी आम्ही तिघी पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात गेलो, जिथं काट्यावर तोलून देतात. गादीवर म्हातारे मालक बसलेले. भाभीनं माप सांगितलं. त्यांनी समोरच्या फळीवरचं एक पातेलं काढून पुढं ठेवलं, नवंकोरं, झगमगतं.

भाभीनं बुरख्यातून हात बाहेर काढला आणि पेरानं एकदाच ठोकलं. हळू. मग हात परत आत घेतला आणि तशीच उभी राहिली. मार्टात म्हणायची तसं 'न्हाई'सुद्धा म्हणाली नाही.

मालकांनी चष्मा वर केला. थोडा वेळ तिच्याकडं बघितलं. मग ते पातेलं बाजूला सारलं, गुडघ्यावर हात ठेवून उठले, आत गेले. बराच वेळ आत खडखडाट ऐकू येत होता. बाहेर आले ते धूळ बसलेलं, जुन्या मालातलं एक पातेलं दोन्ही हातांनी धरून. फडक्यानं पुसलं आणि गादीवर नाही, भाभीच्या पुढ्यात ठेवलं.

"हे बघा, बाई."

भाभीनं ठोकलं. दुकानातला पंखा फिरत होता, बाहेर हायवेच्या गाड्या जात होत्या, आणि त्या सगळ्यांतून तो आवाज जात राहिला. लेक आईकडं बघत होती. मालकांनी मान खाली घातली होती. आवाज संपला तरी आम्ही चौघं तसेच ऐकत उभे होतो.